कडेचा गडी

गेल्या मार्गशीर्षांत एके रात्रीं आमच्या घरीं पंगत बसली असतां एक प्रश्न निघाला. आमचा बारा वर्षांचा नातू ताटाकडे पाहत म्हणाला, "आजोबा, पुण्याला फुटबॉलची निवासी शाळा आहे. तिच्या निवडीला मला जायचें आहे. निवड झाली तर तिकडेच राहून शिकावें लागेल." सूनबाईंनीं हातांतील भाताचें पातेलें खालीं ठेवलें. चिरंजिवांनीं मान वर केली नाहीं. आमचे थोरले बंधु हंसून म्हणाले, "म्हणजे आतां चेंडू लाथाडण्याचीहि शाळा निघाली म्हणावयाची!" आणि आमच्या मंडळींनीं, प्रश्नाचें मर्म धरून, एवढेंच विचारलें, "त्यानें पोट भरतें का हो?"

थोरल्या बंधूंनीं विनोद करून हात झाडले, चिरंजिवांनीं "बाबा सांगतील तसें" म्हणून मौन धरलें, आणि निर्णय आमच्या माथीं आला. आम्ही जन्मभर संस्कृत व मराठी शिकविलें. चेंडूशीं आमचा संबंध एवढाच कीं, वर्गांत आलेला चेंडू टेबलाच्या खणांत टाकावा व शाळा सुटल्यावर परत द्यावा. परंतु ज्या विषयांतलें आपणांस कळत नाहीं त्यावर मत देऊं नये, हें आम्हींच मुलांना सांगत आलों. तेव्हां आधीं अभ्यास करावा असें ठरवून आम्ही दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या अभ्यासांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. हाच प्रश्न, चेंडूच्या नाहीं तर दुसऱ्या कशाच्या तरी रूपानें, आज ना उद्यां पुष्कळांच्या पंगतींत येऊन बसणार आहे.

मैदानाच्या कडेला

आमचें एकलहरे नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या कांठीं आहे. १९७० च्या सुमारास येथें औष्णिक विद्युत् केंद्र उभें राहिलें, आणि ऊस व द्राक्षांच्या ह्या मुलखांत उंच धुराडीं व कामगारांची वसाहत आली. आमच्या सज्जांतून मुलांचें खेळण्याचें पटांगण दिसतें. सायंकाळचा चहा घेतांना आम्ही पाहत असूं, तों आमचा नातू नेहमीं अगदीं डाव्या कडेला, रेघेला चिकटून उभा. आमची समजूत अशी कीं, पोरगें अंगानें किरकोळ, म्हणून मोठीं मुलें त्याला मध्यें येऊं देत नसावींत. मनांतून थोडें वाईटहि वाटे. एकदां न राहवून विचारलें, तर तो हंसला. "आजोबा, मला कोणी ढकललेलें नाहीं. ती माझी जागा आहे. मी विंगर आहें."

विंग म्हणजे पंख. इटलींतील लोक ह्या गड्याला 'आला' म्हणतात. त्याचाहि अर्थ पंख असाच. तें ऐकून आम्हांस जुना ओळखीचा मनुष्य परदेशांत भेटावा तसें झालें. कारण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, युद्धाचें विवेचन करणाऱ्या दहाव्या अधिकरणांत, सैन्याच्या व्यूहाचीं जीं अंगें सांगितलीं आहेत त्यांतलें एक 'पक्ष' म्हणजे पंखच आहे. दोन बाजूंस दोन पक्ष, मध्यें छाती म्हणजे 'उरस्य', आणि मागें राखीव दळ तो 'प्रतिग्रह'. एक आचार्य एवढींच अंगें मानतात. दुसरे पक्षाच्या आंत आणखी दोन 'कक्ष' धरतात. फुटबॉलच्या शिक्षकांतहि असाच मतभेद असून, गडी कोणत्या रचनेंत उभे करावे ह्यावर त्यांचे पंथच्या पंथ आहेत, असें पुढें कळलें. शास्त्र म्हटलें कीं आचार्यांचें मत जुळावयाचें नाहीं, हा नियम तेथेंहि लागू आहे.

आंतरराष्ट्रीय सामन्याचें मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असतें. मध्यभागीं गड्यांची गर्दी. तेथून गोलाकडे जावयाचें म्हणजे दाट बाजारांतून घोडा हांकण्यासारखें आहे. कडेला मात्र मोकळी वाट असते. ती वाट धरून विंगर चेंडू घेऊन धांवतो, समोरच्या रक्षकाला एका क्षणाची हुलकावणी देतो, आणि चेंडू गोलाच्या पुढ्यांत उंच सोडतो. तेथें दुसरा कोणी त्याला डोकें लावतो, आणि गोल त्या दुसऱ्याच्या नांवावर लिहिला जातो. शिवाय चेंडू प्रतिपक्षाकडे गेला कीं ह्यानें तितकेंच अंतर मागें धांवत येऊन आपल्या बाजूचें रक्षण करावयाचें. नव्वद मिनिटांच्या खेळांत असा गडी दहा किलोमीटरच्या आसपास धांवतो. एका अंगाला रेघ असल्यामुळें त्याला पळून जाण्यास जागा अर्धीच, आणि चुकला तर ती चूक प्रेक्षकांच्या अगदीं नाकासमोर होते. आमच्या नातवानें जागा सोपी निवडली नाहीं, एवढें कळलें.

हा कडेचा गडी आपल्या देशांत नवा नाहीं. १९११ च्या जुलैंत कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघास २-१ असें हरवून ढाल जिंकली. त्या संघांतील बहुतेक गडी अनवाणी होते. त्यांचे नायक शिवदास भादुडी डाव्या कडेलाच खेळत, आणि दोहोंपैकीं एक गोल त्यांचाच. मात्र ते पगारी खेळाडू नव्हते. आमच्या मंडळींचा प्रश्न पोटाचा होता. तेव्हां पगारी विंगराचा जन्म कसा जातो हें पाहणें भाग होतें.

नेत्तूनोचा मुलगा

इटलींत फुटबॉल हा धर्माखालोखालचा विषय आहे, म्हणून पहिलें उदाहरण तिकडचें घेतलें. ब्रूनो काँती हा १९५५ सालीं रोमच्या दक्षिणेस समुद्रकांठच्या नेत्तूनो गांवीं जन्मला. महायुद्धांत १९४४ सालीं ह्याच किनाऱ्यावर अमेरिकेचें सैन्य उतरलें होतें, आणि त्या शिपायांनीं तेथें बेसबॉलचें वेड मागें ठेवलें. काँती लहानपणीं बेसबॉलमध्येंहि निपुण होता. अंगानें तो लहानखुराच. पण फुटबॉलकडे वळला, १९७३ च्या हंगामांत रोमा संघांत आला, आणि १९९१ सालीं निवृत्त होईपर्यंत त्याच संघाचा राहिला. मध्यें दोन हंगाम त्याला जेनोआ संघास उसना दिला होता तेवढाच अपवाद.

१९८२ सालीं इटलीनें माद्रिद येथें पश्चिम जर्मनीस ३-१ हरवून विश्वचषक जिंकला. तिसरा गोल आल्तोबेल्लीच्या नांवें आहे. पण उजव्या कडेनें चेंडू घेऊन धांवत गेला व तो आयता पुढें दिला, तो काँती. पुढच्याच वर्षीं रोमा इटलीची अजिंक्य झाली. आणि १९८४ सालीं युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना खुद्द रोममध्यें, आपल्या लोकांसमोर, लिव्हरपूलशीं बरोबरींत सुटला व पेनल्टीवर निकाल लागावयाचा होता. तेव्हां पेनल्टी चुकविणाऱ्या रोमाच्या दोघांत काँती एक होता. त्या शहरानें त्याला टाकलें नाहीं. खेळणें संपल्यावर तो त्याच संघाच्या तरुण मुलांना घडविण्याच्या कामाला लागला.

ह्या चरित्रांत आम्हांस मोह पडावा असें पुष्कळ आहे. एक गांव, एक संघ, अठरा वर्षें, एक मोठी चूक व तिची क्षमा, आणि शेवटीं गुरूचें काम. पण हा मोह आवरला पाहिजे असें लगेच जाणवलें. आमचा नातू इटलींत जन्मला नाहीं. त्याला जें मिळावयाचें तें महाराष्ट्रांतल्या मुलाला मिळतें तेंच. म्हणून आम्ही कोल्हापुरास वळलों.

तालमींचा फुटबॉल

कोल्हापूर म्हटलें कीं आपणांस कुस्ती आठवते. परंतु तेथील तालमींनीं लाल मातीबरोबर चेंडूहि उचलला, हें आमच्यासारख्या उत्तर महाराष्ट्रांतील पुष्कळांस ठाऊक नसतें. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ हे तेथील फुटबॉलचे संघ आहेत. नांवें आखाड्यांचीं, खेळ विलायती. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठच्या पेठ तेथें लोटते, आणि हार झाल्यास त्या पेठेंत रात्रीं जेवण गोड लागत नाहीं. ह्या संघांमागें कोणी कारखानदार नसून तेथले शेजारीपाजारी उभे असतात.

ह्या वातावरणांत १३ जुलै २००० रोजीं अनिकेत जाधव जन्मला. वडील रिक्षा चालवीत. लहान वयांतच हा मुलगा घर सोडून पुण्यास आला व पुणे एफ्. सी. ह्या संघाच्या प्रशिक्षणशाळेंत तयार झाला. त्याच्या आधीं कोल्हापूरचाच निखिल कदम हाहि ह्याच शाळेंतून पुढें आलेला कडेचा गडी. बारा-तेरा वर्षांच्या मुलानें आईच्या हातचें जेवण सोडून वसतिगृहांत राहावयाचें, पहांटे उठून धांवावयाचें, आणि सोबतच्या मुलांपैकीं बहुतेक एकेक करून गळून जातांना पाहावयाचें, अशी ती शाळा. सूनबाईंना हें वाचून दाखविलें तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत; मात्र "जेवण कसें असतें हो मामंजी तिथलें?" एवढें त्यांनीं विचारलें.

२०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचें यजमानपद भारतास मिळालें. फुटबॉलच्या कोणत्याहि विश्वचषकस्पर्धेंत भारताचा संघ उतरला तो ह्याच वेळीं प्रथम. अनिकेत त्या संघांत होता, आणि महाराष्ट्राचें नांव त्यानें राखलें. तेव्हां तो कडेला नव्हे, तर आघाडीच्या मध्यभागीं खेळे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्यें ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ तारखेस कोलंबियाकडून १-२, आणि १२ तारखेस घानाकडून ०-४ अशी हार झाली. कोलंबियाविरुद्धचा तो एक गोल मणिपूरच्या जीक्सन सिंगानें केला. विश्वचषकांतील भारताचा तो पहिला गोल होय. तिन्ही सामने हरले, परंतु हजारों लोक उठून उभे राहिले व मुलांस टाळ्या मिळाल्या.

येथें एक गोष्ट आम्हांस शिक्षक म्हणून बोचली. सतराव्या वर्षीं चाळीस हजारांवर लोकांसमोर खेळलेला मुलगा अठराव्या वर्षीं पुनः पहिलीच्या वर्गांत येऊन बसतो. त्या मुलांसाठीं 'इंडियन ॲरोज' नांवाचा संघ ठेवला होता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजीं आय-लीगमधील आपल्या सामन्यांत ह्या पोरांच्या संघानें चेन्नई सिटीच्या जाणत्या गड्यांना ३-० असें हरविलें. त्यांतले दोन गोल अनिकेतचे. आरंभ तर असा झाला.

एक तांबडें पत्र

पुढच्या वर्षीं, ऑगस्ट २०१८ मध्यें, स्पेनमधील एका स्पर्धेंत भारताच्या वीस वर्षांखालील संघाची गांठ अर्जेंटिनाशीं पडली. अर्जेंटिनाच्या त्या मुलांचे शिक्षक लिओनेल स्कालोनी हे होते; ह्यांच्याच हाताखालीं २०२२ सालीं अर्जेंटिनानें विश्वचषक जिंकला. दीपक टांगरीनें आरंभींच एक गोल करून भारतास पुढें नेलें. उत्तरार्धांत अनिकेतला तांबडें पत्र दाखवून रेफरीनें मैदानाबाहेर काढलें. उरलेले दहा जण अकरांशीं खेळले. त्यांत अन्वर अलीनें दुसरा गोल केला, आणि भारत २-१ असा जिंकला.

जगांतील मोठ्या फुटबॉलच्या राष्ट्रावर मिळविलेल्या विजयाच्या दिवशीं आपण कपडे बदलून बाहेर बसलों होतों, ही आठवण त्या तरुणाच्या मनांत कशी राहिली असेल, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण चाळीस वर्षें मुलें पाहिल्यावर एवढें ठाऊक आहे कीं, चुकीनंतर मुलगा दुसऱ्या दिवशीं वर्गांत येतो कीं नाहीं ह्यावर त्याचें पुढचें ठरतें. अनिकेत दुसऱ्या दिवशीं आला. २०१८-१९ च्या हंगामांत तो इंग्लंडांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स ह्या जुन्या संघाकडे कांहीं काळ शिक्षणासाठीं गेला. १८७५ सालीं स्थापन झालेल्या ह्या संघाची मालकी २०१० पासून पुण्याच्या 'व्हेंकीज' ह्या कोंबड्यांच्या व्यवसायांतील घराण्याकडे आहे. इंग्रजांनीं आपणांस हा खेळ दिला, आणि त्यांच्या लँकेशायरांतील संघाचा खर्च आतां पुण्याहून चालतो. काळाचा महिमा, दुसरें काय!

परत आल्यावर त्याची जागा बदलली. आघाडीचे मध्यभागचे गडी भारतांतील संघ बहुधा परदेशांतून आणतात. देशी तरुणास संधी मिळते ती कडेला. पूर्वीचा मध्यभागचा गडी असा हळूहळू विंगर झाला. जमशेदपूरकडून दोन हंगाम खेळून २०२१ सालीं तो हैदराबाद संघांत गेला. त्या हंगामांत हैदराबादनें इंडियन सुपर लीग जिंकली. २० मार्च २०२२ रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सशीं १-१ अशी बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटांत तो बरोबरीचा गोल करणारा साहिल तावोरा व पेनल्टीवेळीं तीन चेंडू अडविणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी हे दोघेहि गोव्याचे. अडविलेल्या त्या तीन पेनल्टींपैकीं एक जीक्सन सिंगाची होती. पांच वर्षांपूर्वीं एका सदऱ्यांत खेळलेलीं पोरें आतां समोरासमोर उभीं होतीं. त्याच महिन्यांत अनिकेतची भारताच्या ज्येष्ठ संघांत निवड झाली. नंतर तो ईस्ट बंगाल व ओडिशा ह्या संघांतून खेळला.

घर पाठीवर

आतां आमच्या मंडळींच्या प्रश्नाकडे येतों. पोट भरतें काय? भरतें, चांगल्या संघांतील गड्याचें चांगलें भरतें. पण आम्हांस भीति वाटली ती पगाराच्या आंकड्याची नसून दुसऱ्याच एका गोष्टीची आहे.

ज्या पुणे एफ्. सी.च्या शाळेंत अनिकेत घडला तो संघ २००७ सालीं निघाला आणि आठ-नऊ वर्षांतच बंद पडला. त्याची प्रशिक्षणशाळा एफ्. सी. पुणे सिटी ह्या दुसऱ्या संघानें घेतली. ह्या दुसऱ्या संघांत आरंभीं इटलीच्या फ्लॉरेन्स शहरांतील फिओरेन्तिना संघाचा भाग होता, आणि पहिल्या हंगामांत शिक्षकहि इटालियन आणले होते. तो २०१९ सालीं मिटला, आणि त्याच्या जागीं हैदराबादचा संघ उभा राहिला. म्हणजे अनिकेत २०२२ सालीं ज्या संघांत अजिंक्य झाला, तो पुण्याच्या मिटलेल्या संघाच्या जागेवरच उगवलेला होता. तोहि पुढें आर्थिक अडचणींत सांपडून २०२५ सालीं दिल्लीस गेला. त्याच वर्षीं लीग चालविण्याचा करार संपत आला व नवा होईना, म्हणून सबंध हंगामच लांबणीवर पडला, आणि गडी सराव करूनहि सामन्यांविना बसले. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० सालीं बंद झाला, पुण्याचा डी. एस्. के. शिवाजियन्स २०१७ सालीं. धनिकानें हौसेनें लावलेलें झाड धनिकाची हौस फिटली कीं वाळतें. काँतीचा रोमा १९२७ पासून उभा आहे, आणि कोल्हापूरच्या तालमीहि उभ्या आहेत. कारण दोहोंच्या मुळाशीं गांवाचें पाणी आहे.

दुसरी भीति देहाची. अर्जेंटिनाविरुद्ध गोल करणारा तो अन्वर अली २०१९ सालीं मुंबईच्या संघांत आला, तेव्हां वैद्यकीय तपासणींत त्याच्या हृदयांत दोष आढळला. पुढच्या वर्षीं त्यानें खेळूं नये असें फुटबॉल महासंघानें ठरविलें. विशींतला पोर, दुसरी विद्या हातीं नाहीं. तो दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेला, तज्ज्ञांकडे गेला, पुनः मैदानांत उतरला, आणि मार्च २०२२ मध्यें भारताकडून खेळला. त्याचें नशीब उघडलें. परंतु मास्तराचा देह साठीपर्यंत खडू धरूं शकतो. विंगराचे पाय पस्तिशीला थकतात, आणि एखादा गुडघा त्याच्या आधींच दगा देतो.

ह्यावर थोरले बंधु म्हणाले, "मग देवधरांसारखें करावें." त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. प्रोफेसर दि. ब. देवधर हे पुण्यास कॉलेजांत संस्कृत शिकवीत, आणि पन्नाशीच्या जवळ आले असतां, १९४०-४१ च्या हंगामांत, महाराष्ट्राच्या संघाचे नायक म्हणून त्यांनीं लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. आमच्या पिढींतल्या संस्कृतच्या मास्तरांना हें नांव घेतांना छाती फुगल्यासारखें होतें. पण तो काळ हौशी खेळाडूंचा होता. आज दिवसभर शाकुंतल शिकवून सायंकाळीं कोणी विंगर होऊं शकत नाहीं. समोरचा रक्षक तेंच एक काम सकाळपासून करीत असतो.

आमची एक सही

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे; ती आजवर घरांतहि सांगितली नव्हती.

तीसएक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. कडेनें तो असा धांवे कीं, शिपाईसुद्धां घंटा वाजविण्याचें विसरून पाहत राही. दहावीच्या वर्षीं त्याची जिल्ह्याच्या सामन्यासाठीं निवड झाली. सामना आणि सराव परीक्षा एकाच आठवड्यांत आल्या. वर्गशिक्षक म्हणून परवानगीच्या कागदावर आमची सही हवी होती. आम्ही ती केली नाहीं. "चेंडू कुठें पळून जात नाहीं, वर्ष जातें," असें एक वाक्यहि वर ऐकविलें. मुलगा उलट बोलला नाहीं. परीक्षेला बसला, दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाला.

मध्यंतरीं नाशिकरोडच्या स्टेशनवर तो भेटला. एका कारखान्यांत हिशेबनीस आहे. संसार नीटनेटका आहे. त्यानें वाकून नमस्कार केला, आमची पिशवी उचलली. बोलतां बोलतां त्या सामन्याचा विषय त्यानेंच काढला. म्हणाला, "सर, आपली शाळा त्या दिवशीं एका गोलनें हरली. मी असतों तरी हरली असती कदाचित्. पण मला कळलें तरी असतें."

त्याच्या स्वरांत राग नव्हता, म्हणूनच तें वाक्य आम्हांस जड झालें. आम्ही त्याचें वर्ष वांचविलें, हें खरें. आणि तो किती धांवूं शकतो हें कळण्याची त्याची एकमेव संधि आम्ही एका सहीच्या अभावीं काढून घेतली, हेंहि तितकेंच खरें. दोन्हीं गोष्टी एकदम खऱ्या असूं शकतात, हें शिकावयास आम्हांस निवृत्त व्हावें लागलें.

निर्णय

दोन महिने पुरे झाल्यावर आम्ही पुनः पंगतींतच बोललों. नातवानें निवडीस जावें. निवड न झाल्यास रडूं नये, व झाल्यास चढूं नये. गेला तर दहावीची परीक्षा त्यानें वेळेवर, आपल्या वयाच्या मुलांबरोबर द्यावी. त्यांत सवलत नाहीं. खेळाशिवाय दुसरी एक विद्या, मग ती हिशेबाची असो, यंत्राची असो कीं शिकविण्याची, त्यानें हातीं धरून ठेवावी. कारण संघ मिटतात आणि गुडघे फसवितात. दरवर्षीं उन्हाळ्यांत घरीं येऊन सर्वांसमोर बसून विचार करावा: पुढें जावयाचें कीं परत यावयाचें. आणि परत यावेंसें वाटलें तर कोणीहि, विशेषतः थोरल्या आजोबांनीं, एक अक्षर थट्टेचें बोलूं नये. शेवटल्या कलमावर बंधूंनीं मान हलविली.

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतें, पण त्या म्हणाल्या, "मामंजी, अनिकेतची आईहि अशीच राहिली असेल ना?" चिरंजीव उठून गेले, आणि थोड्या वेळानें पुण्याच्या गाडीची वेळ विचारूं लागले. आमच्या मंडळींनीं त्याचा प्रश्न पुनः केला नाहीं. डिंकाचे लाडू मात्र किती दिवस टिकतात, ह्याचा हिशेब त्यांनीं सुरू केला आहे.

निवडीचा दिवस चैत्रांत आहे. तोंवर सराव चालू आहे. काल सायंकाळीं आम्ही सज्जांत बसलों असतां थोरले बंधु चष्मा पुशीत बाहेर आले. धुराड्यांमागें ऊन उतरलें होतें, आणि पटांगणावर पोरांचा कोलाहल चालला होता. बराच वेळ ते कांहीं न बोलतां पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो अगदीं डावीकडचा, रेघेजवळचा, तो आपलाच ना रे?"

आम्ही म्हटलें, "हो दादा. ती त्याची जागा आहे."